धनुष्याचे बळ आणि बाणाचा जोड : दख्खनच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठीत एखादे अवघड कार्य अंगावर घेण्याला 'शिवधनुष्य उचलणे' असे म्हणतात. या वाक्प्रचाराच्या मागे सीतास्वयंवराची कथा आहे आणि त्या कथेच्या मागे एक समजूत आहे. धनुष्य जितके जड, तितका ते वाकवणारा वीर मोठा, ही ती समजूत होय. द्रौपदीच्या स्वयंवरातही लक्ष्यभेदाच्या आधी धनुष्य सज्ज करणे हीच पहिली कसोटी असते आणि अनेक राजे तेथेच मागे सरतात. कीर्तन, आख्यान व चित्रकथा यांच्या द्वारे ही प्रतिमा मराठी मनात इतकी खोल रुजली आहे की धनुर्विद्या म्हणजे प्रामुख्याने बाहुबळाची विद्या, असे सहज गृहीत धरले जाते.

मात्र ज्यांनी धनुर्विद्येवर शास्त्र म्हणून लिहिले, त्यांचे म्हणणे याच्या जवळजवळ विरुद्ध आहे. धनुष्य धनुर्धराच्या बळापेक्षा किंचित कमीच असावे आणि बाण त्या धनुष्याला साजेसा असावा, असा त्यांचा आग्रह दिसतो. महाकाव्याने बळाचा गौरव केला, शास्त्राने जुळणीचा विचार केला. या दोन परंपरांतील अंतर हा केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय नाही. आजही ग्रामीण भागातील एखाद्या मुलाच्या हाती रिकर्व्ह धनुष्य दिले जाते, तेव्हा त्याच्या खांद्याला ते पेलेल की नाही आणि त्याच्या वाट्याला आलेले बाण त्या धनुष्याला जुळतील की नाही, या प्रश्नावर त्याचे पुढील सर्व काही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात धनुष्याच्या ओढीचे वजन व बाणाची लवचीकता यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास दख्खनचा प्रदेश समोर ठेवून पाहिला आहे.

ओढीचे वजन म्हणजे दोरी पूर्ण ओढली असता बोटांवर येणारा भार. मैदानावरील मराठीत त्याला 'पाउंडेज' म्हणतात आणि भारतातही तो पौंडांतच मोजला जातो. पुढील विवेचनात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने योजले आहेत.

कल्याणीच्या छायेतील प्रदेश

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. या गावाचा उल्लेख आधुनिक इतिहासात बहुधा १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते खुल्या झालेल्या विहिरीच्या संदर्भात होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्या बऱ्याच आधीपासून हा परिसर दख्खनच्या राजकीय घडामोडींच्या मध्यभागी होता. याच तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठी भाषेच्या प्राचीनतम लेखांपैकी एक मानला जातो. त्या काळी हा मुलूख चालुक्यांच्या सत्तेखाली होता. पुढे ज्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, तेच हे चालुक्य.

या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींत विभागलेला हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना मुख्यत्वे त्यातील जुन्या मराठी पद्यांमुळे परिचित आहे. त्याचे आणखी एक महत्त्व येथे लक्षात घ्यावयास हवे. राजाने शस्त्रांचा विनोद कसा करावा आणि मृगया कशी करावी याचा तपशील त्यात येतो. पाककृती, रत्नपरीक्षा, हत्तींची देखभाल यांच्याच पंक्तीला शस्त्रविद्या बसवली आहे. याचाच अर्थ असा की ती कथेतील पराक्रम म्हणून नव्हे, तर साधन, सराव आणि निवड यांचा विषय म्हणून पाहिली गेली. दख्खनमधील वीरगळांवर धनुर्धर आढळतात. त्यांच्या हातातील धनुष्य किती जड होते हे मात्र पाषाण सांगत नाही. त्यासाठी ग्रंथांकडेच वळावे लागते.

शास्त्रग्रंथांतील मापे

कौटिलीय अर्थशास्त्राच्या आयुधागाराध्यक्ष या प्रकरणात धनुष्याचे द्रव्यानुसार चार प्रकार दिले आहेत. ताडाचे, वेळूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू आणि स्नायू यांची नावे येतात. बाणांसाठी वेळू व शर यांच्यासह लोखंडी नाराचाचाही उल्लेख आहे. यातील वेळूच्या दोरीची नोंद विशेष लक्षणीय ठरते, कारण पश्चिम भारतातील भिल्ल समाजाच्या धनुष्याला बांबूच्याच पट्टीची दोरी लावण्याची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहिली. दोन हजार वर्षांचे हे सातत्य एखाद्या राजवंशाच्या वंशावळीपेक्षा कमी मोलाचे नाही.

अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या प्रकरणांत चार हात लांबीचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम व तीन हातांचे कनिष्ठ असे मान दिले आहे. हे लांबीचे मान झाले. बळाचा खरा विचार वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात आणि इ. स. १३६३ च्या 'शार्ङ्गधरपद्धती'तील धनुर्वेद प्रकरणात येतो. तेथे सरावाचे धनुष्य वेगळे व युद्धाचे धनुष्य वेगळे, असा भेद प्रथम केला आहे. त्यानंतर सांगितले आहे की धनुष्य स्वतःच्या बाहुबळाच्या मानाने थोडे उणे असणे हितकर. धनुष्यापेक्षा धनुर्धर बलवान असलेला बरा, धनुर्धरापेक्षा धनुष्य बलवान असणे बरे नव्हे. याचे जे कारण ग्रंथकार देतो ते आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या तोंडी शोभावे. धनुष्याने जेरीस आलेल्या धनुर्धराला लक्ष्य दिसतच नाही, असे तो म्हणतो.

शिवधनुष्याची प्रतिमा आणि हे वचन एकाच संस्कृतीत, एकाच भाषेत नांदत होते. एक दरबारात व देवळात ऐकले जाई, दुसरे आखाड्यात उपयोगी पडे. ग्रंथकर्त्यांना महाकाव्ये ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी ती बाजूस ठेवून प्रत्यक्ष अनुभव नोंदवला, हेच त्यांचे शास्त्रीपण होय.

बाणाबाबतचे विवेचनही तितकेच बारकाईचे आहे. शर फार जाड नसावा, फार बारीक नसावा, अपक्व नसावा. तो योग्य ऋतूत तोडलेला, पिकून पांढुरका झालेला असावा. पुढचा भाग जाड असलेल्या बाणास स्त्री, मागचा भाग जाड असलेल्यास पुरुष आणि सर्वत्र सारख्या जाडीच्या बाणास नपुंसक अशी संज्ञा दिली आहे. पहिला दूर जातो, दुसरा दृढ वस्तूचा भेद करतो आणि तिसरा लक्ष्यवेधाच्या सरावास योग्य. संज्ञा आज कोणास रुचतील वा न रुचतील, त्यांच्या आड असलेले निरीक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही. बाणाच्या दांड्याची जाडी कोठे जास्त आहे यावर त्याचे उड्डाण अवलंबून असते, हे येथे स्पष्टपणे ओळखले आहे. पिसांच्या बाबतीत प्रत्येक बाणास चार पिसे व त्यांची लांबी सहा अंगुळे असे मान सांगितले आहे. आज तीन पिसांचा प्रघात आहे व तीही प्लास्टिकची, परंतु बाणाच्या शेपटीने त्याचा डोलारा सावरावा हे तत्त्व तेच आहे.

या ग्रंथांत एक गोष्ट आढळत नाही. दिलेल्या धनुष्याचे बळ वाढवून अथवा घटवून ते बाणाशी जुळवावे, असा विचार तेथे नाही आणि तो असणे शक्यही नव्हते. धनुष्य एकदा घडले की घडले. बांबूचे वा लाकडाचे धनुष्य तासून हलके करता येते, परंतु तासलेले लाकूड परत चिकटत नाही. म्हणून जुळणीची दिशा नेहमी एकच राहिली. मनुष्याच्या बळावरून धनुष्य आणि धनुष्यावरून बाण.

शिंग, स्नायू आणि हवा

मध्ययुगीन दख्खनमध्ये, बहमनी राज्यापासून पुढे, इराणी-तुर्की परंपरेची जोडकमान प्रतिष्ठित झाली. लाकडाच्या गाभ्याला आतील, म्हणजे धनुर्धराच्या बाजूने शिंगाच्या पट्ट्या व बाहेरच्या बाजूने स्नायूंचे थर प्राणिज सरसाने चिकटवून ही कमान तयार होई. शिंग दाब सोसते व स्नायू ताण सोसतो. त्यामुळे आखूड लांबीत मोठी शक्ती साठवता येते आणि घोड्यावरून मारा करणे सुकर होते. दोरी उतरवली असता तिचे बाहू उलट दिशेला वळत. आजच्या रिकर्व्ह धनुष्याची टोके पुढे वळलेली असतात ती याच आकाराची आठवण होय. कमान, तीर, तिरंदाज हे शब्द याच काळात फारसीतून मराठीत आले व इतके रुळले की शिवकाळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्या 'राजव्यवहारकोशा'त शस्त्रवर्गासाठी संस्कृत पर्याय योजण्याची गरज भासली. व्यवहारात मात्र 'तिरंदाज' टिकला. 'धनुर्धर' अर्जुनासाठी राखून ठेवला गेला.

जोडकमानीचा शत्रू म्हणजे दमट हवा. सरस ओलावा शोषून घेतो, स्नायू सैल होतात आणि कमानीचे बळ उतरते. फार कोरड्या हवेत तीच कमान कडक होते. म्हणजे आज ज्याला पाउंडेज म्हणतात तो आकडा त्या काळी ऋतूबरोबर बदलत असे. सोलापूरच्या परिसरात वर्षाला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकणात त्याच्या चौपटीहून अधिक. एकच कमान घेऊन मनुष्य घाटाखाली उतरला, तर तिचा गुणधर्म तोच राहील याची शाश्वती नव्हती. कमान मेणकापडात जपणे, दोरी उतरवून ठेवणे, निखाऱ्याच्या मंद उबेवर शेकून तिचे पीळ काढणे या सर्व खटपटी म्हणजे बळ स्थिर राखण्याचे उपायच होत. भारतात सतराव्या-अठराव्या शतकांत संपूर्ण पोलादी कमानी तयार झाल्या. त्या जड होत्या, त्यांचे बाहू मंद गतीने परतत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी पावसाने त्यांचे काही बिघडत नसे. किल्ल्याच्या कारभाऱ्याला वेगापेक्षा भरवसा अधिक मोलाचा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्यात किती वेळा फिरला आणि चांदबिबीच्या विवाहात तो आंदण कसा दिला गेला, हा इतिहास परिचित आहे. या झगड्यांच्या काळातच तोफा व बंदुकांनी धनुष्याला हळूहळू मागे सारले. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूर घेतले, तेव्हा धनुष्य हे युद्धाचे निर्णायक साधन उरले नव्हते. ते शिकारीत, जंगलात आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेत राहिले.

इंग्लंडमधील एक तुलना

याच प्रश्नाचा दुसरा चेहरा इंग्लंडमध्ये दिसतो. १५४५ मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्या जहाजावर मिळालेल्या शंभराहून अधिक अखंड धनुष्यांच्या मापांवरून व प्रतिकृतींवरून त्यांचे ओढीचे वजन सुमारे १०० ते १८५ पौंड असल्याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला. आजचे ऑलिंपिकमधील पुरुष तिरंदाज ४५ ते ५० पौंडांच्या आसपासचे धनुष्य वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे तफावत कळते. त्या जहाजावरील काही सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत दीर्घ ताणाच्या खुणा आढळल्या. म्हणजे तेथे शिवधनुष्य खरोखरच पेलले जात होते आणि त्याची किंमत हाडांनी मोजली होती.

पण हे बळ एका दिवसात आले नव्हते. बिशप लॅटिमर याने १५४९ च्या एका प्रवचनात सांगितले आहे की वडील त्याच्यासाठी वय व शक्ती पाहून धनुष्य विकत घेत आणि तो वाढेल तसे धनुष्यही वाढत जाई. वसिष्ठ धनुर्वेदातील सूत्र आणि इंग्रज शेतकऱ्याच्या घरातील ही रीत एकमेकांना अनोळखी असूनही एकच गोष्ट सांगतात. फरक इतकाच की त्यासाठी दरवेळी नवे धनुष्य घेणे भाग होते आणि ज्या घराला ते परवडे त्याच घरातील मूल धनुर्धर होई.

बाण वाकतो, हे कळल्यानंतर

बाण धनुष्याच्या मधोमध नसून दांड्याच्या एका बाजूस टेकतो. तरीही तो बाजूला न जाता नेमकडे जातो. हे कसे घडते, या कोड्याला अमेरिकन धनुर्विद् रॉबर्ट एल्मर याने १९१३ मध्ये 'धनुर्धराचा विरोधाभास' असे नाव दिले. उत्तर मिळण्यास आणखी दोन दशके लागली. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन व त्याच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने दाखवून दिले की दोरी सुटताच बाण मागून मिळालेल्या धक्क्याने वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि पुढे काही अंतरापर्यंत माशासारखा डावीउजवीकडे लहरत जातो. पिसे ही लहर शमवतात.

या शोधाने जुन्या अनुभवाला गणित मिळाले. बाण किती वाकावा याला एक योग्य प्रमाण असते. बाण फार ताठ असेल तर तो दांड्याला पुरेसा वळसा घालत नाही. फार लवचीक असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकतो. हा ताठपणा मोजण्याची एक ठरलेली रीत आहे. २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर बाणाचा दांडा ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात व तो किती खाली वाकला हे इंचाच्या हजाराव्या भागात नोंदवतात. अर्धा इंच वाकला तर त्याचा 'स्पाइन' ५००. आकडा मोठा तितका बाण नरम. हे उलटे मान नवशिक्याला काही काळ चकवते.

१९३९ च्या सुमारास जेम्स ईस्टन याने अॅल्युमिनियमचे बाण करण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. शर तोडताना तो पिकला की नाही हे पाहण्याची गरज संपली. एका संचातील बाराही बाण सारखे मिळू लागले. पुढे कार्बनचे व कार्बन-अॅल्युमिनियमचे बाण आले. ऑलिंपिकमध्ये प्रचलित झालेला 'एक्स-टेन' हा बाण मध्ये किंचित जाड व दोन्ही टोकांना निमुळता असतो. शार्ङ्गधराच्या तीन प्रकारांत तो कोठेच बसत नाही. त्याला चौथे नाव द्यावे लागले असते.

दिशा उलटते

बाण कारखान्यात तयार होऊ लागल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. कारखान्यातील बाण ठराविक पायऱ्यांत मिळतात आणि धनुर्धराचा खांदा पायऱ्यांत वाढत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये जो सापडेल त्याने काय करावे? बाण आखूड कापला तर तो ताठ होतो, टोक जड लावले तर नरम होतो. पण कापलेला बाण लांब होत नाही. बांबू तासणाऱ्याची जुनी अडचण नव्या रूपाने परत आली.

तिचे उत्तर धनुष्यातच सापडले. १९७० च्या दशकात सुटे करता येणारे रिकर्व्ह धनुष्य रूढ झाले. मधली मूठ, म्हणजे रायझर, धातूची आणि दोन्ही बाहू वेगळे. या बाहूंना मैदानावर 'लिंब' म्हणतात. गावातून आलेल्या मुलाला हा शब्द प्रथम झाडाचा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. १९८० च्या दशकात होइट कंपनीच्या धनुष्यांपासून बाहू बसवण्याची जी पद्धत पुढे आली ती कालांतराने 'आयएलएफ' या नावाने सर्वमान्य झाली. तीत बाहूच्या मुळाशी एक बोल्ट असतो. तो आत घट्ट केला की बाहूचा कोन बदलून ओढीचे वजन वाढते, सैल केला की घटते. साधारणतः एकूण दहा टक्क्यांचा फरक यातून साधतो. ४० पौंडांचे बाहू ३८ पासून ४२ पर्यंत नेता येतात. आकड्याने हा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु बाणाच्या दृष्टीने तो एका पायरीतून दुसऱ्या पायरीत जाण्याइतका असतो.

याची परीक्षा करण्याची रीत सोपी व सुंदर आहे. पिसे लावलेले काही बाण आणि पिसे नसलेले एक-दोन बाण एकाच नेमाने सोडतात. पिसे असलेला बाण स्वतःची चूक झाकतो, उघडा बाण ती झाकू शकत नाही. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उघडा बाण समूहाच्या डावीकडे लागला तर तो धनुष्याच्या मानाने ताठ आहे, उजवीकडे लागला तर नरम. ताठ असेल तर दोन्ही बोल्ट थोडे आत घ्यावेत, नरम असेल तर सैल करावेत. वरचा व खालचा बोल्ट सारखाच फिरवावा लागतो, अन्यथा दोन बाहूंचा तोल, म्हणजे टिलर, बिघडतो. शिवाय वजन बदलले की दोरी व मूठ यांतील अंतर, नेमाची खूण, सर्व पुन्हा तपासावे लागते. उरलेला सूक्ष्म फरक बाणाच्या बाजूस असलेल्या स्प्रिंगच्या बटणाने भरून काढतात. या बटणाला व्हिक्टर बर्गर याचे नाव पडले आहे.

इतिहासाच्या दृष्टीने येथे महत्त्वाची गोष्ट ही की जुळणीची दिशा उलटली. पूर्वी धनुष्यावरून बाण निवडत. आता हाती असलेल्या बाणांवरून धनुष्याचे बळ ठरवता येऊ लागले. ज्याच्याकडे बाणांचे अनेक संच आहेत त्याला या उलटण्याचे अप्रूप नाही. ज्याच्याकडे एकच संच आहे आणि तोही आधीच्या मुलाने वापरलेला आहे, त्याच्यासाठी बोल्टचे ते दोन फेरे म्हणजे नवीन बाण विकत घेण्याला पर्याय आहे. क्रीडासाहित्याच्या इतिहासात वेग व अचूकता यांचीच चर्चा होते. या लहानशा बोल्टने उपलब्धतेचा प्रश्न काही अंशी सोडवला, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

याला मर्यादाही आहे. बोल्ट चार पौंडांचे अंतर भरून काढतो, चौदा पौंडांचे नाही. तसेच बाहूंवर लिहिलेले वजन २८ इंच ओढीचे असते. २६ इंच ओढणाऱ्या मुलाच्या बोटांवर त्याहून सुमारे चार पौंड कमी भार येतो. तोच मुलगा वर्षभरात उंच झाला, हात लांबला, की एकही बोल्ट न फिरवता त्याचे धनुष्य जड होते आणि काल जुळलेले बाण आज नरम ठरतात. वाढत्या वयातील तिरंदाजाची जुळणी म्हणूनच कधी पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रातील प्रत्यय

भारतीय तिरंदाजी संघाची स्थापना १९७३ मधील. ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी १९७२ साली म्युनिक येथे परतली होती, पण भारताचे तिरंदाज तेथे प्रथम उतरले ते १९८८ मध्ये, सोल येथे. त्या पहिल्या संघातील लिंबाराम राजस्थानच्या आदिवासी भागातून आले होते. देशांतर्गत स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो बांबूच्या धनुष्यावर खेळला जातो. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक मुलांची सुरुवात याच धनुष्याने होते. त्याचा ओढीचा भार बेताचा असतो व त्याला बोल्ट नसतो. तेथून रिकर्व्हकडे जाणे म्हणजे एका शतकातून दुसऱ्या शतकात जाणे होय आणि बहुतेकांची गळती याच उंबरठ्यावर होते.

सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा या उंबरठ्याचा सर्वांत परिचित साक्षी. शेतमजूर आईवडिलांचा हा मुलगा प्रथम धावपटू होता. १९९६ साली सुरू झालेल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतून तो अमरावतीला तिरंदाजीसाठी गेला. शरीरयष्टी किरकोळ असल्याने रिकर्व्ह धनुष्य ओढणे त्याला आरंभी फार जड गेले आणि त्या काळात त्याचे प्रबोधिनीतील स्थानही डळमळीत झाले होते, असे त्याच्यावरील वृत्तांतांत नमूद आहे. धनुष्याने जेरीस आलेल्याला लक्ष्य दिसत नाही, हे सातशे वर्षांपूर्वीचे वचन येथे शब्दशः लागू पडते. तो तगला. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय व अतनू दास यांच्यासह त्याने सांघिक रौप्यपदक मिळवले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या मानांकन फेरीत ७२ बाणांत ६५६ गुण घेऊन तो भारतीय पुरुषांत पहिला आला आणि वैयक्तिक स्पर्धेत जागतिक क्रमवारीत वरच्या स्थानी असलेल्या रशियाच्या गालसान बाझारझापोव्हला त्याने ६-० असे हरवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तो भारतीय संघात होता.

७२ बाणांचा अर्थ वजनात पाहिला तर ४५ पौंड, म्हणजे सुमारे साडेवीस किलो ओढीने एका फेरीत जवळजवळ दीड टन भार खांद्यावरून जातो. बाहात्तराव्या बाणाला जे वजन पहिल्या बाणाइतक्याच स्थिरतेने धरता येते, तेच त्या धनुर्धराचे खरे वजन. एकदा ओढून दाखवण्याला या खेळात काही किंमत नाही. शिवधनुष्याची कसोटी एकाच ओढीची होती. रामाला दुसरा बाण सोडावयाचा नव्हता, किंबहुना धनुष्यच उरले नव्हते.

प्रवीण जाधवनंतरची पिढी अधिक तयार दिसते. साताऱ्याचा पार्थ साळुंखे २०२३ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे २१ वर्षांखालील गटात रिकर्व्हचा जागतिक विजेता झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय युवक. त्याच वर्षी हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत रिकर्व्ह सांघिक रौप्य मिळवणाऱ्या संघात महाराष्ट्राचा तुषार शेळके होता. बर्लिनमध्ये आदिती स्वामी व ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, तेही २०२३ मध्येच. कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे पूर्ण ओढीवर हातावरील भार बराच उतरतो व वजनाचा पल्लाही मोठा असतो. त्यामुळे प्रस्तुत प्रश्न तेथे वेगळ्या रीतीने सुटतो.

साताऱ्यात व अमरावतीत जे उभे राहिले ते सोलापूरच्या पूर्व भागातील महाविद्यालयांत अद्याप त्या प्रमाणात दिसत नाही. आंतरमहाविद्यालयीन पातळीवर साहित्य बहुधा सामाईक असते. एकच रायझर सकाळी एका विद्यार्थिनीच्या व दुपारी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जातो आणि दोघांसाठी बोल्ट त्याच जागी राहतो. मुलीला ते धनुष्य जड जाते, मुलाचे बाण ताठ ठरतात आणि दोघांच्याही चुका 'नेम नाही' या एकाच सदरात जमा होतात. क्रीडा विभागाच्या जडसंग्रह नोंदवहीत धनुष्यांची संख्या असते. प्रत्येक खेळाडूची ओढीची लांबी, त्या ओढीवर मोजलेले प्रत्यक्ष वजन, बोल्टचे फेरे आणि उघडा बाण कोणत्या बाजूस लागला, या चार रकान्यांची वही ठेवण्यास एक हातातील वजनकाटा, एक षट्कोनी किल्ली आणि महिन्यातील एक सकाळ पुरते. सामाईक धनुष्य पुढच्या हाती देण्यापूर्वी त्या खेळाडूचे पान उघडून बोल्ट त्याच्या आकड्यावर आणणे हे दोन-तीन मिनिटांचे काम आहे.